पहारेकऱ्याचा डावा डोळा

चिमी डोळे बनवते. चिमी म्हणवून घ्यायचं तिचं वय कधीच सरलं. केस पिकलेत, चष्म्याचा नंबर दर खेपेला वाढतोय, आणि बाजारात तिला सगळे 'डोळेवाल्या बाई' म्हणून ओळखतात. पण तिचा थोरला भाऊ तिला अजून चिमीच म्हणतो, आणि ही गोष्ट मुळात त्या दोघांची, त्यामुळे आपणही तिला चिमीच म्हणू.

लोकांना वाटतं, नकली डोळा म्हणजे काचेची गोटी. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण तेच विचारतो आणि चिमी प्रत्येकाला तेच उत्तर देते, की बाबा रे, काच नाही आणि गोटीही नाही. दातांच्या कवळीला जो मसाला लागतो त्याचाच डोळाही होतो, आणि तो असतो पातळ, बाकदार, एखाद्या लहानशा वाटीसारखा. आधी रिकाम्या खोबणीचा ठसा घ्यायचा. मग मेणाचा नमुना, मग पांढरी वाटी. तिच्यावर तांबड्या रेशमाचे उकललेले तंतू शिरा म्हणून चिकटवायचे. बुबुळ मात्र हातानेच रंगवायचं, माणसाला खिडकीशी बसवून, त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बघत. रंगाचा एक थर झाला की त्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा, म्हणजे वरून पारदर्शक मसाला चढल्यावर तो रंग कसा दिसेल ते कळतं. या थेंबाखाली बुबुळ एकदम जिवंत होतं आणि बनवणारीकडे बघायला लागतं. इतकी वर्षं झाली, चिमी त्या क्षणाला आजही जराशी मागे सरकते.

तिची खोली एका औषधाच्या दुकानावर आहे. खिडकीतून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. रंगाला तोच लागतो. भिंतीला टेकून खणांचं एक लाकडी कपाट आहे आणि त्यात लोकांचे जुने डोळे आहेत. नवा डोळा बसवला की जुना कुणी घरी नेत नाही, आणि चिमीला तो टाकवत नाही. एकदा टाकला होता, तर कचरा न्यायला आलेल्या बाईने जी किंकाळी फोडली ती खालच्या औषधवाल्याला अजून ऐकू येते म्हणे. तेव्हापासून ते खणात राहतात, कापसात, वरच्या बाजूला तोंड करून. "घरी आल्यावर तरी माझ्याकडे गिऱ्हाइकासारखं बघू नकोस," असं तिचा नवरा म्हणतो. गमतीने म्हणतो, पण म्हणतो.

येणाऱ्या प्रत्येकाला ती एक प्रश्न विचारते, की डोळा कसा गेला? चौकशा करायची हौस म्हणून नाही. काय लागलं, कुठून लागलं, यावर आतली जागा कशी भरून आलीय ते ठरतं आणि वाटीचा आकारही ठरतो. ड्रायव्हर, मास्तर, लग्न ठरलेल्या मुली, सगळ्यांना तिने हे विचारलंय.

एकाच माणसाला तिने हा प्रश्न कधी विचारला नाही, आणि तो म्हणजे दादा.

विचारायची गरजच काय? घरात ते ठाऊकच होतं. "अंगणाच्या फाटकाला तार होती, तिन्हीसांज झाली होती, धावताना घसरला." आई असंच सांगायची. वडीलही असंच सांगायचे. दादाही असंच सांगतो. तार, तिन्हीसांज, घसरला. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. लहानपणी पाढे म्हणतात तसं ते वाक्य घरातले सगळे म्हणायचे, आणि चिमीही म्हणायला शिकली. तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती आणि दादा दहाचा.

आता, तारेने डोळा गेला की पापणी फाटते. शिवली तरी तिच्यावर पांढरी रेघ राहते, आयुष्यभर. दादाच्या डाव्या पापणीवर रेघ नाही. पापणी कशी, कालच घडवल्यासारखी. पहिल्यांदा त्याच्या खोबणीचा ठसा घेतला तेव्हाच चिमीच्या बोटांना ते लागलं होतं. काहीतरी बारीक आणि सरळ, समोरून आलेलं. बोटांना कळलं, चिमीने कळवून घेतलं नाही. कानाडोळा करणं हे डोळे बनवणारीला शोभत नाही, पण तिने केला खरा.

दुसरी गोष्ट त्या ठिपक्याची.

दादाचा शाबूत डोळा साधा, तपकिरी, एका रंगाचा. पण चिमीने दादासाठी रंगवलेल्या पहिल्या डोळ्यात बुबुळाच्या खालच्या कडेला, नाकाच्या बाजूने, एक पिवळसर ठिपका आला होता. हळदीचा कण पडावा तेवढा. समोर नसलेला ठिपका कागदावरच्या चित्रातसुद्धा चालत नाही, तर डोळ्यात कसा चालेल? नवशिकी होती, चुकली. तो डोळा तिने कौतुकाने आईला दाखवला. आईने हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाली, "हा ठिपका कशाला काढलास?" मग डोळा टेबलावर ठेवून ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चिमी हिरमुसली. "पुसून परत करते," म्हणाली. दादाने डोळा उचलून खिशात टाकला. "राहू दे गं. मला आवडला."

त्यानंतर तिने दादासाठी जितके डोळे केले, त्या प्रत्येकात तो ठिपका होता. ठरवून नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत तिचा हात कधी केसभर चुकला नाही. दादाच्याच वेळी काय व्हायचं कोण जाणे, पाण्याचा थेंब ठेवून बघावं तर ठिपका आपला हजर. तिने नाद सोडला.

दादा किल्ल्या बनवतो. बाजाराच्या कोपऱ्यात, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं एवढं त्याचं दुकान. एका डोळ्याला अंतर नीट समजत नाही, म्हणून तो कानस चालवताना बघतच नाही. अंगठा फिरवतो आणि घासतो. "किल्ली डोळ्याने होत नाही, अंगठ्याने होते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य सिनेमाच्या खिडकीवरचं: "एकच डोळा आहे हो, अर्धं तिकीट द्या." त्याने लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतो, "माझं झालंय, एका जहाजाशी."

ते जहाज म्हणजे दोन जुने सिनेमे. दादाला मिसरूड फुटत असताना आले होते. अंतराळात भरकटलेलं एक मोठं जहाज, त्यात थंड पेट्यांमध्ये झोपलेली माणसं, आणि त्यांच्यावर नजर ठेवत रिकाम्या बोळांतून फिरणारा एक जुना यंत्रमाणूस. त्याला सगळे पहारेकरी म्हणत. पहारेकऱ्याला एकच डोळा होता. डाव्या जागी नुसता खड्डा, आणि मधूनच त्या खड्ड्यात निळा उजेड लुकलुकून जायचा. का, ते दोन्ही सिनेमांत कुठे सांगितलेलं नव्हतं. दादाने पहिला सिनेमा बघितला आणि घरी येऊन आरशासमोर कितीतरी वेळ उभा राहिला. तोवर सिनेमातले एकडोळे सगळे खलनायक असायचे. हा पहिला, जो चांगला होता.

तेव्हापासून तो त्या जहाजाचा झाला तो झालाच. त्याच्यासारखी आणखी टाळकी त्याला मिळाली. एक बँकेतला कॅशियर, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, दोन-चार असेच. दुकानापुढे उभं राहून त्यांचे वाद चालायचे, आणि किल्लीला आलेलं गिऱ्हाईक ताटकळायचं. जहाज कुठून निघालं? पेट्या किती? सगळ्यात मोठा वाद अर्थातच डोळ्याचा. कॅशियर म्हणायचा, लढाईत गेला. बाई म्हणायच्या, त्याने स्वतःच काढून कुणालातरी दिला. बाकी प्रत्येक प्रश्नावर दादाचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. या एका प्रश्नावर मात्र तो मूग गिळून किल्ली घासत राहायचा. फार छेडलं तर म्हणायचा, "गेला असेल. जातो एखाद्याचा."

तिसरा सिनेमा येणार, येणार, अशी आवई उठत राहिली आणि विरत राहिली. टाळक्यांची टकलं झाली. आणि अचानक एक दिवस जाहीर झालं, की येतोय. पण पुढचा भाग नव्हे, आधीचा. प्रीक्वेल. जहाज निघण्यापूर्वीची गोष्ट, आणि जाहिरातीत पहारेकऱ्याचा चेहरा, दोन्ही डोळ्यांसकट. खाली एकच ओळ: 'त्याने काय पाहिलं?'

कॅशियर नाचायचाच बाकी होता. दादा जाहिरातीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सांगणार म्हणजे."

"मग काय! इतकी वर्षं जीव टांगणीला लागलाय," कॅशियर म्हणाला.

"हो ना," दादा म्हणाला, आणि हातातली किल्ली त्याने इतकी घासली की ती वाया गेली.

दादाचा डोळा तेव्हा बदलायला झालाच होता. चिमीने ठसा घेतला, मेण बसवून बघितलं, पांढरी वाटी तयार केली. राहिलं होतं बुबुळ. "सिनेमाच्या आधी करून टाकू," ती म्हणाली, पण दादा बसायला येईना. आज दुकानात गर्दी, उद्या आभाळ. शेवटी म्हणाला, "याच डोळ्याने वाट बघितली, यानेच सिनेमाही बघू दे. नंतर कर." आणि मग, अगदी सहज, "तू येऊ नकोस हवं तर. तुला काय कळणार त्यातलं?"

चिमीला राग आला. लहानपणापासून ते दोन सिनेमे तिने त्याच्या मांडीवर, मग त्याच्या शेजारी, मग आपल्या पोरीला घेऊन त्याच्या शेजारी बघितले होते. "मी येणार," ती म्हणाली, "आणि खिडकीकडची खुर्ची माझी."

"सिनेमाघराला खिडकी नसते, चिमे."

"मग मधली."

पहिल्या दिवशीचा दुपारचा खेळ. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. टाळकी ओळीने बसली, दादा कडेला, चिमी त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे त्याला न दिसणाऱ्या बाजूला.

पहिला अर्धा भाग खरंच सुंदर होता. जहाजाचा सांगाडा उभा राहताना दाखवला होता, पेट्यांच्या रांगा, पहारेकऱ्याचं पहिलं पाऊल. कॅशियर हुंदके देत होता. दादा लहान मुलासारखा पुढे झुकून बसला होता. चिमीला मात्र चैन पडेना. पडद्यावरच्या त्या चेहऱ्यात काहीतरी खटकत होतं, आणि बऱ्याच वेळाने तिला कळलं की खटकत होता तो दुसरा डोळा. तो चेहरा पुरा होता. पुरा असल्यामुळे तो कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. तिने दादाला दोन डोळ्यांचा कधी बघितलेलाच नव्हता, निदान आठवेल असा. ती त्याच्याकडे वळली. त्याचा डावा डोळा, तिनेच रंगवलेला, पडद्याच्या उजेडात चमकत होता आणि काहीच बघत नव्हता.

मग गोष्टीत एक मुलगी आली. जहाजाच्या कप्तानाची, एवढीशी. सगळे पेट्यांत झोपले आणि तिची पेटी बिघडल्यामुळे ती एकटी जागी राहिली. पहारेकरी तिला खेळवायला लागला. लपाछपी झाली, घोडा घोडा झाला. मग तिने त्याला तो खेळ शिकवला. समोरासमोर बसायचं, नाकाला नाक लावून, आणि डोळे न मिटता बघत राहायचं. जो आधी मिटेल तो हरला.

खेळ साधा, कुठल्याही घरात खेळतात तो. त्यांच्या घरात मात्र कुणी कधी खेळलं नव्हतं. तिची पोरगी एकदा शाळेतून शिकून आली आणि मामाच्या मागे लागली. जो मामा तिच्यासाठी माकड व्हायचा, घोडा व्हायचा, टेबलाखाली शिरायचा, तो म्हणाला होता, "हा नको. दुसरा सांग."

पडद्यावरचा पहारेकरी डोळे मिटत नव्हता. यंत्रच ते, त्याला पापण्या होत्या पण मिटायची गरज कुठे होती? मुलगी प्रत्येक वेळी हरायची. ती चिडली, मग हसली, आणि इकडेतिकडे शोधून तिने एका यंत्राची बारीक लांब तार उचलली. गंमत करायची होती तिला. त्याला डोळा मिटायला लावायचा होता. आता पडद्यावर फक्त तो डोळा होता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, शांत, विश्वासाने उघडा.

हा डोळा चिमीने बघितला होता. याआधी, आणि सिनेमात नव्हे. वर्षानुवर्षं तिला एक स्वप्न पडायचं. तपकिरी, मोठा, अगदी जवळ आलेला डोळा, आणि कुणीतरी खदखदून हसतंय. एवढंच. ती म्हणायची, धंदाच असला, तर स्वप्नं दुसरी कुठली पडणार? पण धंद्यात शिरण्याच्या आधीपासून ते स्वप्न पडत होतं, हे तिला आत्ता, या खुर्चीत आठवलं. आणि स्वप्नातल्या त्या डोळ्यात खालच्या कडेला, नाकाच्या बाजूने, हळदीएवढा पिवळा ठिपका होता.

पडद्यावर तार पुढे झाली. सगळं सिनेमाघर एकदम श्वास ओढून बसलं, आणि त्या शांततेत कुणीतरी हसलं.

अगदी लहान पोरासारखं, खळखळून, पोट धरून हसावं तसं. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली. कुणीतरी "श्श!" केलं. चिमीला वाटलं, कोण हे निर्लज्ज? मग तिला कळलं की तिचा स्वतःचाच हात तिच्या तोंडावर दाबलेला आहे आणि हसू त्याच्याखालून अजून फुटतंय. ते तिचं नव्हतं. म्हणजे, आताच्या तिचं नव्हतं.

दादाने मान पूर्ण वळवली, कारण त्या बाजूचं त्याला दिसत नाही, आणि तिच्याकडे बघितलं. पडदा सोडून. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो पडदा सोडून तो बहिणीकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा भ्यालेला होता.

पुढचं चिमीने अर्धवटच पाहिलं. मुलगी धाय मोकलून रडली. यंत्राला खोटं बोलता येत नाही, म्हणून पहारेकऱ्याने ती आठवणच स्वतःतून पुसून टाकली. कप्तान जागा झाल्यावर मुलीला कुणी दोष देऊ नये, म्हणून. फक्त त्या डोळ्याने पाहिलेलं शेवटचं चित्र काही पुसलं गेलं नाही: रडणाऱ्या मुलीचा चेहरा. खड्ड्यातला निळा उजेड तो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेर उन्हात टाळकी एकमेकांच्या गळ्यात पडली आणि लगेच भांडायलाही लागली. कॅशियरचं म्हणणं, जन्माचं सार्थक झालं. कॉलेजातल्या बाईंचं म्हणणं, सगळी जादू घालवली मेल्यांनी. सगळ्यांनी दादाकडे बघितलं. निकाल त्याने द्यायचा होता.

"पहिला अर्धा भाग सोनं आहे," दादा म्हणाला. "ते जहाज उभं राहतं ना, ते बघून मेलो तरी चालेल. पण डोळ्याचं सांगायला नको होतं."

"अरे, पण तेच तर बघायला आलो होतो!"

"सांगितल्यावाचून काय अडलं होतं? इतकी वर्षं काय वाईट चाललं होतं?" दादाचा आवाज चढला. "काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या असतात. उगाच उघडतात आणि मग…" त्याने वाक्य पुरं केलं नाही.

घरी जाताना दोघंच उरले. दादा पुढे बघतच म्हणाला, "मघाशी हसलीस का?"

"माहीत नाही रे."

"बरं," दादा म्हणाला, आणि त्याची चाल वाढली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, चिमीने कपाटातला दादाचा खण उघडला. आजवरचे सगळे डोळे कापसातून काढून तिने टेबलावर ओळीने मांडले. पहिल्यात रंग जरा कच्चा, मग सुधारत गेलेला, पण ठिपका प्रत्येकात एकाच जागी. सुई ठेवून मोजावा इतका एकाच जागी. चुका अशा होत नाहीत. चुका इकडेतिकडे होतात. शाबूत डोळ्यात नसलेली गोष्ट तिचा हात दुसऱ्या कुठल्यातरी डोळ्यावरून उतरवत होता, आणि ते सगळे डोळे आता टेबलावरून तिच्याकडे बघत होते. तिने घाईघाईने त्यांच्यावर रुमाल टाकला.

तिला भीती वाटत होती, आणि कसली ते तिला पक्कं ठाऊक होतं. हे खरं निघालं तर तिचं आयुष्यच तिचं राहणार नव्हतं. दादाच्या खांद्यावर बसून ती वाढली. दादासोबत डोळेवाल्याकडे जाऊन जाऊन ती हा धंदा शिकली. 'माझ्या भावाचा डोळा मी बनवते,' हा तिचा सगळ्यात मोठा अभिमान. आणि तो डोळा घेतलाही तिनेच असेल तर? तर ती इतकी वर्षं नेमकं काय करत आली होती?

दादा बुबुळासाठी बसायला आला तेव्हा खिडकीत छान उजेड होता. त्याने जुना डोळा काढून बशीत ठेवला आणि तो खुर्चीत बसला. तिने पांढऱ्या वाटीत बसायची गोल चकती चिमट्यात धरली आणि तपकिरी रंगात ब्रश बुडवला. विचारायचं नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. त्याला सांगायचं नसेल तर आपण ऐकायचं नाही. फक्त काम करायचं.

पण गप्प बसणं दादाच्या स्वभावात कुठलं? शांतता त्याला टोचायला लागली आणि तो त्या सिनेमावर घसरला. जहाज, इंजिन, कप्तानाचे कपडे. सगळ्यांत चुका काढून झाल्या. चिमी हं हं करत रंगाचे थर देत होती. त्याला रंग चढला.

"आणि तो शेवट! अगं, काहीतरीच. ते पोर रडताना दाखवलं. लिहिणाऱ्याला एवढं कळत नाही? ते इतकंसं लेकरू, त्याला काय माहीत काय झालं ते? ते रडत नाही. ती हसत असते. खेळ चाललाय ना तिचा! छत्रीची काडी हातात, आणि नुसती खदाखदा हसत होती, मी ओरडलो तरी हसतच होती, तिला वाटलं मी हरलो म्हणून…"

तो थांबला.

सिनेमात छत्री नव्हती. जहाजावर छत्री कुठून येणार?

खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं. चिमीने ब्रश खाली ठेवला. दादा तिच्याकडे बघत होता, एका डोळ्याने आणि एका रिकाम्या खोबणीने, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला तो म्हातारा दिसला.

"दादा," ती म्हणाली, "मीच ना?"

"अंगणाच्या फाटकाला तार होती," दादा भराभर म्हणाला. "चिमे, फाटकाला तार होती…" आणि पुढचं त्याला आठवेना. आयुष्यभर पाठ असलेलं वाक्य, आणि त्याचा पुढचा शब्द त्याला सापडेना. त्याचे ओठ नुसते हलत राहिले.

त्याच्यासाठी ती इतकी तुटली, की स्वतःचं काय ते तिला सुचलंच नाही. आईवडील गेले, आता हे ओझं वाहणारा हा एकटाच उरला होता, आणि आज ते त्याच्या हातून निसटलं होतं. तिने त्याचा हात धरला.

"तिन्हीसांज झाली होती," ती म्हणाली. "धावताना घसरलास."

"हो," तो म्हणाला. "घसरलो." मग म्हणाला, "आईने शपथ घातली होती. तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पोर जन्मभर मान खाली घालून जगेल, म्हणायची. आणि तू तो पहिला डोळा करून आणलास, तर त्यात माझा ठिपका! होता तो माझ्या त्या डोळ्यात. फोटोत यायचा नाही इतका बारीक. आई म्हणाली, हिला आठवतंय. मी म्हटलं, हिला नाही, हिच्या हाताला आठवतंय. बाकी कुणी बघितला होता एवढ्या जवळून?"

चिमी रडली. मनसोक्त रडली, टेबलावर डोकं टेकून, आणि दादा तिच्या पाठीवर थापटत राहिला, किल्लीच्या कानशीने खडबडीत झालेल्या हाताने. मग तिने तोंड धुतलं आणि पुन्हा ब्रश घेतला. उजेड जायच्या आत बुबुळ पुरं करायचं होतं.

थर झाले, तिने पाण्याचा थेंब ठेवला, आणि मागे सरकून बघितलं. बुबुळ स्वच्छ होतं. एका रंगाचं, तपकिरी, समोरच्या डोळ्यासारखं. आजवर आपोआप येणारा ठिपका या खेपेला आलाच नव्हता.

तिने पिवळा रंग घेतला आणि तो ठिपका स्वतः काढला, डोळसपणे, जागा बघून. आजवर हात झोपेत करायचा ते काम जागेपणी करणं फार जड गेलं.

वाटी भाजून, घासून, झळाळी देऊन दोन दिवसांनी तयार झाली. तिने ती त्याच्या पापणीखाली सरकवली. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते तसं ती म्हणाली, "वर बघ. खाली बघ. आता माझ्याकडे बघ."

दादाने तिच्याकडे बघितलं, अगदी जवळून, दोन्ही डोळ्यांनी. स्वप्नातला तो डोळा खिडकीच्या उजेडात तिच्यासमोर उघडा होता, ठिपक्यासकट, शांत, आणि त्याला काही दिसत नव्हतं हे ठाऊक असूनही तिला वाटलं की तो थांबलाय, इतकी वर्षं थांबलाय. पळून जावंसं वाटलं. तरी ती हलली नाही, आणि रडायचं नाही असं ठरवून, डबडबलेल्या डोळ्यांनी, ती दादाकडे बघून हसली.

"हां," दादा म्हणाला. "अशीच होतीस."